पंपाचा लेप आणि वंदनाचा हात

राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावात मला 'पंपाच्या कंपनीतला सदा' म्हणतात. एकदा मे महिन्यात रजेवर गेलो होतो, तर शेजारचे बाळूकाका विहिरीवरची छोटी मोटार खांद्यावर घेऊन अंगणात हजर. "सदा, ह्यो बग रे जरा. पानीच खेचीत नाय. तू पंपाचाच काम करतंस ना?" मी म्हटलं, "काका, आमचा पंप पाण्याचा नाही, रक्ताचा असतो." काकांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं, "मंग ऱ्हांदे," म्हणाले आणि मोटार उचलून आल्या वाटेने परत गेले. पुढे वर्षभर ते माझ्याशी जरा जपूनच बोलत होते.

मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात मी बावीस वर्षं रक्ताच्या पंपांना लेप लावायचं काम केलं आणि गेल्या मे महिन्यात निवृत्त झालो. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या चार गमती लिहायला सांगितल्या आहेत. गमती येतीलच, पण मला मुख्यतः लिहायचंय ते वेगळंच आहे. माझ्याच हाताखाली शिकलेल्या वंदना जाधव नावाच्या बाईवर मी किती जळलो आणि त्या जळण्यापायी तिच्या हाताचं काय केलं, ते मला सांगायचं आहे.

आधी धंदा समजून घ्या, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. हृदयाचं मोठं ऑपरेशन असलं की हृदय थोडा वेळ थांबवावं लागतं. तेवढा वेळ रोग्याचं रक्त नळ्यांतून बाहेर काढून, त्यात प्राणवायू भरून पुन्हा आत सोडतात. ते फिरवतो तो रक्ताचा पंप. आमचा पंप मुठीएवढा, पारदर्शक प्लास्टिकचा, आत गरगर फिरणारी पाती. आता रक्ताचा स्वभाव असा, की शिरेबाहेरच्या कशालाही लागलं की ते गोठायला लागतं. बोट कापलं की हाच स्वभाव आपल्याला वाचवतो. पंपात मात्र तो जिवावर बेतू शकतो, कारण तिथली एखादी गाठ सुटून मेंदूकडे गेली की संपलं. रोग्याला रक्त न गोठण्याचं औषध देतातच, पण ते फार दिलं तर रक्त थांबता थांबत नाही. म्हणून तेच औषध, हेपारिन, पंपाच्या आतल्या अंगाला लेपासारखं चिकटवून ठेवायचं. रक्ताला वाटावं, आपण आपल्या शिरेतूनच चाललोय.

हेपारिन काढतात डुकराच्या आतड्यापासून. खरेदीसाठी आलेल्या एका गृहस्थांनी हे ऐकलं तेव्हा हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि अगदी मनापासून विचारलं, "यात शाकाहारी येत नाही का हो?" आमचे साहेब म्हणाले, "रोगी शाकाहारी असला तरी त्याचं रक्त शाकाहारी नसतं." गृहस्थांनी ऑर्डर दिली, चहा मात्र तसाच ठेवला.

लेप लावायची आमची रीत अशी. पंपाचे वाटीसारखे भाग आधी धुवायचे, मग ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवायचे. मग एका पकड धरणाऱ्या रसायनात बुडवायचे आणि शेवटी हेपारिनच्या पाण्यात. धुतलेल्या प्लास्टिकला नुसतं उघडं बोट लागलं तरी तिथे पकड बसत नाही, कारण आपल्या कातडीचं तेल. बुडवलेली वाटी वर काढताना हात एका लयीत वर यायला हवा. हिसका बसला की लेपावर रेघ उमटते. आता या कामाला मशीन आहे, पण तेव्हा हातच होता, आणि कारखान्यातला सगळ्यात चांगला हात माझा होता. हे मी एकटा म्हणत नव्हतो, सगळे म्हणत होते, आणि ते ऐकायची मला चटक लागली होती.

लेप डोळ्यांना दिसत नाही. म्हणून प्रत्येक घाण्यातले काही नमुने निळ्या रंगात बुडवून बघायचे. हेपारिन असेल तिथे निळा रंग जांभळा होतो, नसेल तिथे जागा कोरी राहते. ही परीक्षा पास झाली की खऱ्या रक्ताची. त्यासाठी बकऱ्याचं ताजं रक्त लागायचं, आणि ते आणायला मी सकाळीच रफीकभाईंच्या मटणाच्या दुकानात, रक्त वाटेत गोठू नये म्हणून आत थोडं हेपारिन घातलेला थर्मास घेऊन उभा. पहिल्या दिवशी रफीकभाई म्हणाले, "भाऊ, रक्ताचा काय करतास ता आदी सांग. करनी-बिरनी नाय ना?" मी त्यांना एक पंप नेऊन दाखवला, तेव्हा कुठे विश्वास बसला. पुढे श्रावणात गिऱ्हाईक कमी, म्हणून बकरं कापलं जाणार असेल तर ते स्वतःहून फोन करायचे. ते रक्त पंपातून काही तास फिरवायचं, मग पंप उघडून आत गाठ शोधायची. गाठ मिळाली नाही की आमचं काम झालं.

या धंद्यात एक खुपणारी गोष्ट आहे, तीही सांगून टाकतो. ऑपरेशन झालं की पेढे डॉक्टरांना. नर्सबाईंनाही कुणी विसरत नाही. लेप चांगला बसला तर काहीच होत नाही, आणि काहीच झालं नाही म्हणून कोण कुणाला पेढे देईल? पेपरात ऑपरेशनच्या बातम्यांत डॉक्टरांचे फोटो यायचे आणि मी ते बघून जळायचो. बायको म्हणायची, "तुम्हाला जळायला कारण लागतं कुठे?" तिचं खरं होतं. तरीही डॉक्टर लांबचे होते, त्यांच्यावर जळून फारसा त्रास व्हायचा नाही.

वंदना मात्र रोज समोर असायची. ती आमच्याकडे आली तेव्हा पस्तिशीची असेल. त्याआधी ती काजूच्या कारखान्यात भाजलेल्या काजूवरचं तांबडं साल काढायची. काजूगर न मोडता साल काढणं हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. साहेबांनी तिला माझ्या हाताखाली दिली. मी तिला बुडवणं शिकवलं, काढणं शिकवलं, मास्कच्या आत श्वास कसा धरायचा तेही शिकवलं. मला जे जमायला तीन वर्षं लागली ते तिला दोन महिन्यांत जमलं. ती वाटी वर काढायची तेव्हा पाण्यावर तरंगसुद्धा उठायचा नाही. एकदा निळ्याच्या परीक्षेत तिचे आणि माझे नमुने शेजारी ठेवले होते. माझे छान जांभळे होते. तिचे असे एकसारखे होते, की साहेब तिचा नमुना खिडकीशी नेऊन बघत राहिले. माझ्या पोटात तेव्हा जे दुखायला लागलं ते पुढे थांबलंच नाही.

तिचं वागणं वाईट असतं तर बरं झालं असतं. ती मला 'सदाभाऊ' म्हणायची, डब्यातली कुळथाची पिठी आधी माझ्यापुढे करायची, आणि कुणी कौतुक केलं की म्हणायची, "सदाभाऊंनीच शिकवलंय." त्या वाक्याने मी आणखी जळायचो. शिकवलेलं माझ्यापेक्षा चांगलं जमतंय, हेच ते वाक्य सगळ्यांना सांगत होतं.

मग सात वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात ती ऑर्डर आली. तान्ह्या मुलांच्या ऑपरेशनचा पंप. लिंबाएवढा, आतल्या वाटा अगदी अरुंद. तिथे लेपात केसाएवढीही फट चालणार नव्हती. आधी नमुन्याचे चार घाणे द्यायचे होते. अशा कामाची मी आयुष्यभर वाट बघितली होती. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "हे वंदनाबाई करतील. सदाभाऊ, तुम्ही कागदपत्रं सांभाळा." मी "हो साहेब" म्हटलं आणि संडासात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभा राहिलो.

आता खोबऱ्याचं सांगतो. कोकणातल्या पावसाळ्यात काहीच वाळत नाही, हे इथल्या माणसाला सांगायला नको. आमच्या कारखान्यात लेपाच्या खोलीच्या, म्हणजे क्लीन रूमच्या बाहेर एक जुना, मोडीत काढलेला ओव्हन होता. शनिवारी काम संपलं की त्यात सगळ्यांच्या पाळ्या लागायच्या. कुणाचे पापड, कुणाची कोकमं, कुणाच्या पोरांचे शाळेचे बूट. साहेबांना माहीत होतं, ते दुर्लक्ष करायचे. मात्र पंपाचे भाग वाळवायच्या ओव्हनला कुणी हात लावायचा नाही, हा नियम मीच केलेला होता. त्या जुलैत जुन्या ओव्हनची कॉइल जळाली. आईने गावाहून पाठवलेल्या नारळांचं खोबरं घरात बुरशीला आलं होतं, आणि सुलभा, माझी बायको, रोज त्यावरून बोलत होती. एका शनिवारी सगळे गेल्यावर मी दोन ताटं खोबरं पंपाच्या ओव्हनमध्ये ठेवलं. किल्ली माझ्याकडेच असायची. सोमवारी लवकर येऊन ते काढलं, आतून स्पिरिटने पुसलं आणि विसरून गेलो.

वंदनाचा पहिला घाणा त्याच सोमवारचा. निळ्यातून नमुने बाहेर आले ते जांभळे, पण मध्ये मध्ये कोरे ठिपके. दुसऱ्या घाण्यातही तेच. साहेबांनी नोंदीचा कागद माझ्यापुढे सरकवला. खरं सांगतो, मला आनंद झाला. कागदपत्रांवर 'नापास' लिहिताना माझं अक्षर त्या दिवशी फार सुंदर आलं होतं.

तिसऱ्या दिवशी काहीतरी मोजायला मी ओव्हनचं दार उघडलं आणि गरम खोबऱ्याचा वास आला. आतली भिंत मी पुसली होती, पण मागचा पंखा आणि जाळी विसरलो होतो. पंखा तेलकट हवा फिरवत होता आणि ते तेल धुतलेल्या वाट्यांवर बसत होतं. वंदनाचा हात बरोबर होता, खोट माझ्या खोबऱ्यात होती. कारखान्यात हे कळलेला मी एकटाच होतो. मी दार लावलं आणि टेबलावर जाऊन बसलो.

आज सांगतो साहेबांना, उद्या सांगतो, असं मनात म्हणत होतो. चौथ्या दिवशी दुपारी वंदनाच माझ्याकडे आली. डोळे सुजलेले होते. "सदाभाऊ, माजा हात कुठं चुकतोय वो? जरा उभं राहून बगता काय? तुम्हीच शिकवलंय, तुम्हालाच कळंल." मी गाऊन, टोपी, मास्क चढवून तिच्याशेजारी उभा राहिलो. तिने तीन वाट्या बुडवल्या आणि काढल्या. मी बावीस वर्षांत एवढं सुंदर काम बघितलेलं नाही. त्या क्षणी सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो.

मी म्हटलं, "शेवटी घाई होते तुमची. वाटी सुटते तिथे."

"शेवटी?"

"हो. शेवटच्या बोटभर. तिथे हात थांबवा जरा."

तिने मान हलवली आणि पुन्हा एक वाटी बुडवली. शेवटी हात थांबवला. थांबलेल्या हाताने काठावर थेंब साचला. आता कोऱ्या ठिपक्यांच्या जोडीला काठावर ओघळाचा डागही यायला लागला. चौथा घाणाही गेला तेव्हा साहेबांनी तिला पॅकिंगमध्ये पाठवलं आणि ऑर्डरवाल्यांकडून पंधरा दिवस मागून घेतले. काम माझ्याकडे आलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ओव्हनची मागची पाठ उघडली, पंखा धुतला आणि स्टोअरमधून नवी जाळी घेतली. चिठ्ठीवर कारण लिहिलं, 'नेहमीची देखभाल'. माझे घाणे पास झाले. साहेबांनी पाठीवर थाप मारली. मी ओव्हनवर 'खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत' असा बोर्ड लावला, तर माझ्या शिस्तीचंही कौतुक झालं.

खराब घाण्यातला एकही पंप बाहेर गेला नाही, सगळे मोडले. कुणा मुलाला काही झालं नाही. या समाधानावर मी बरीच वर्षं झोपलो. पण दारातून येताजाता पॅकिंगच्या टेबलाशी वंदना दिसायची. खोके चिकटवताना ती मध्येच थांबून आपल्या उजव्या हाताकडे बघायची. हे दोन-तीनदा बघितलं आणि मग मी मागच्या दाराने ये-जा करायला लागलो.

दोन वर्षांनी माणसं कमी पडली, तेव्हा तिला परत लेपावर घेतलं. पहिल्याच दिवशी तिने वाटी बुडवली, काढली, शेवटच्या बोटभर अंतरावर थांबली. मला वाटलं, आता थेंब साचणार. तिने वाटीचा काठ जरासा तिरका करून पाण्याला पुन्हा टेकवला. साचलेला थेंब पाण्याने परत ओढून घेतला, आणि वाटी कोरडी, स्वच्छ वर आली. असं करता येतं हे मला कधी सुचलं नव्हतं. काठाचा डाग ही आमची जुनी, सगळ्यांनी मान्य केलेली खोड होती आणि माझ्या हाताच्या कामातही ती थोडी असायचीच. वंदनाने ती मोडून काढली. म्हणजे मी तिला खड्ड्यात ढकललं आणि ती तिथून माझ्यापेक्षा वर निघाली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पश्चात्तापाने गेलं नाही असं लिहायला आवडलं असतं, पण ते मत्सराने गेलं नाही.

साहेबांनी ती पद्धत कामाच्या लेखी सूचनांत घातली. नंतर मशीन आलं, त्यातही तो टेकवण्याचा टप्पा बसवला. नव्या मुलींना वंदना शिकवायची तेव्हा म्हणायची, "शेवटी थांबायचं, मग टेकवायचं. हे सदाभाऊंचं." मुली त्याला 'सदाभाऊंची थांब' म्हणायला लागल्या. माझ्या निरोप समारंभात वंदना बोलायला उभी राहिली. म्हणाली, "माजा हात बिगडला व्हता. बाकी सगळे बोलले, काम सोड. एकट्या सदाभाऊंनी माजी चूक दाखवली." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांतही मला आधी हेच जाणवलं, की माझ्या निरोपाला तिचंच भाषण सगळ्यात चांगलं झालं. मग मी शाल सावरून आभार मानले.

संपादकांचं पत्र आलं तेव्हा मी लिहायला बसलो आणि 'सदाभाऊंची थांब' या शब्दांशी अडकलो. ते खोटं पुन्हा छापायचं, की गाळायचं, काही सुचेना. शेवटी गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी वंदनाच्या घरी गेलो. ती पडवीत तांदूळ निवडत होती. "या सदाभाऊ," म्हणाली आणि सूप बाजूला ठेवलं. मी पाणीही न घेता सगळं सांगितलं. खोबरं, पंखा, जाळी, त्या दुपारी मी काय बघितलं आणि काय बोललो ते, आणि दिवाळी अंकासाठी लिहायला बसलोय तेही.

ती चिडेल, रडेल, घराबाहेर काढेल, यातल्या सगळ्याची मी तयारी केली होती. तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "म्हंजे माजा हात तेवाबी बरोबर व्हता?"

"हो."

"शेवटी घाई व्हत नव्हती?"

"नव्हती."

तिने उजवा हात उलटा-सुलटा करून बघितला. "दोन वर्सं मी घरात बादलीत फुलपात्रं बुडवत व्हते, सदाभाऊ. सांजच्याला आल्यावर, भात शिजस्तोवर. पोरं हसायची. मी म्हनायची, आयची चूक हाय, आयला सुधारू दे." मग तिचा आवाज चढला. "माझ्याकडं येऊन काय सांगता? हे तेवा सायबांच्या समोर बोलायचं व्हतं!"

मी म्हटलं, "माझं मन झालं नाही. तुमचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, म्हणून."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून काढलं. ती उठली, सूप घेतलं आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मी चपला घालायला वाकलो तेव्हा मागून म्हणाली, "ते दिवाळीच्या पुस्तकात लिवनार म्हनालात ना, त्यात हे बी लिवा. माज्या नावानं लिवा. पोरांना वाचून दाखवायचं हाय."

म्हणून लिहितो. मिरजोळ्याच्या कारखान्यात लेपाचं काम करणाऱ्या वंदना जाधव यांचा हात त्या पावसाळ्यातही बरोबर होता. माझ्या हातापेक्षा तो चांगला होता, आणि हे लिहितानाही माझ्या पोटात दुखतंय.